सायकल आहे की घरात, रस्ता कुठंय?

उद्या कॉलेजात गेलात की एक काम करा. लेक्चरला जाण्याआधी पार्किंगमध्ये एक चक्कर मारा आणि सायकली मोजा. स्कूटी नाही, स्प्लेंडर नाही, कुणाच्या मामाची बुलेट तर नाहीच नाही. फक्त सायकली. शिरूरचं कॉलेज असो नाहीतर दौंडचं, हाताची बोटं पुरावीत असा माझा अंदाज. मग येताना वाटेतल्या एखाद्या माध्यमिक शाळेत डोकवा. लिंबाखाली, भिंतीला टेकून, एकमेकींच्या हँडलात हँडल अडकवून सायकलीच सायकली. दहावीपर्यंत जी रोज सात-आठ किलोमीटर पळत होती, ती सायकल अकरावीला गेली कुठं?

घरातच आहे. गोठ्याच्या मागं, चाकातली हवा गेलेली, कॅरिअरवर पेंडीचं रिकामं पोतं टाकलेलं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाची पाचवी फेरी २०१९ ते २०२१ या काळात झाली. त्यात देशातल्या ५०.४ टक्के घरांत सायकल आढळली. म्हणजे दर दोन घरांमागं एक. तेव्हा सायकल संपली, जुनी झाली, तिचा जमाना गेला, ही भाषा जरा जपून वापरा. सायकल संपलेली नाही. तुमच्या-आमच्या वयात येऊन ती थांबते आणि ती का थांबते याचं खरं उत्तर आपण देत नाही.

'आळस' हे उत्तर सगळ्यात सोपं. घरचे तेच म्हणतात. दुसरं उत्तर 'लाज', आणि ते थोडंफार खरंही आहे. बारावीच्या पोरानं सायकलवर यायचं म्हणजे घरची परिस्थिती कपाळावर लिहून येण्यासारखं. पण हे झालं वरवरचं. खरं उत्तर शोधायचं तर सायकल मुळात कुणासाठी निघाली, मग कुणाच्या हातात गेली आणि आता परत कुणाच्या हातात चालली आहे, हे बघावं लागेल.

सायकलचा शोध लागला तो घोड्याला पर्याय म्हणून. आता घोडनदीकाठच्या आपल्या गावानं ही गोष्ट ऐकायलाच पाहिजे. १८१५ मध्ये इंडोनेशियातला तांबोरा ज्वालामुखी फुटला. त्याच्या राखेनं पुढच्या वर्षी युरोपात उन्हाळाच आला नाही, पिकं बुडाली, घोड्यांचा दाणा महागला. त्यातूनच जर्मनीतल्या कार्ल फॉन ड्राइसला बिनघोड्याच्या वाहनाची कल्पना सुचली, असं काही अभ्यासक सांगतात. सगळ्यांना ते पटलेलं नाही. पण १२ जून १८१७ ला मानहाइम शहरातून तो आपलं लाकडी दोन चाकांचं यंत्र घेऊन निघाला आणि जाऊन-येऊन तेराएक किलोमीटर तासाभराच्या आत उरकले, हे नक्की. त्या यंत्राला पायडल नव्हतं. दांडीवर बसायचं आणि पायांनी जमीन मागं ढकलत पळायचं. लहान पोरं पहिली सायकल घेऊन अंगणात करतात ना, तसं.

त्याच वर्षाच्या शेवटच्या रात्री, ३१ डिसेंबर १८१७ ला, शिरूरच्या इंग्रजी छावणीतून आठशेच्या आसपास सैनिक कोरेगावच्या दिशेनं निघाले. त्यांत महार सैनिक मोठ्या संख्येनं होते. चाळीसेक किलोमीटर, रात्रभर, पायदळ पायीच, आणि सकाळी भीमेच्या काठावर थेट लढाई. पुढचा इतिहास तुम्हाला माहीत आहे. मी तो इथं आणला तो एवढ्यासाठी की, तेव्हा माणसाला दोनच वेग ठाऊक होते. ज्याच्याकडं घोडा त्याचा एक आणि बाकी सगळ्यांचा दुसरा. बाकी सगळ्यांना तिसरा वेग मिळायला पुढं सत्तर वर्षं लागली.

कारण मधल्या काळात सायकल भलत्याच लोकांच्या तावडीत सापडली. १८६० च्या दशकात पॅरिसमध्ये पुढच्या चाकाला पायडल बसलं. मग जास्त वेग हवा म्हणून पुढचं चाक वाढवत नेलं, इतकं की १८७० नंतरच्या सायकलींचं पुढचं चाक छातीएवढं आणि मागचं ताटाएवढं झालं. फोटो पाहिला असेल तुम्ही. त्यावर चढायचं म्हणजे कसरत. पुढं साधा दगड आला तरी डोक्यावर आपटायचं. म्हातारे, मुलं, लांब झगे घालणाऱ्या बायका, कामावर जाणारा मजूर, यातलं कुणीच ती चालवू शकत नव्हतं. ती होती पैसेवाल्या धाडसी तरुणांची चैन.

१८८५ मध्ये इंग्लंडच्या कॉव्हेंट्री शहरात जॉन केंप स्टार्लीनं 'रोव्हर' सायकल आणली. दोन्ही चाकं जवळपास सारखी, पायडल मधोमध, चेन मागच्या चाकाला. तिला नावच मिळालं 'सेफ्टी', म्हणजे सुरक्षित सायकल. तीन वर्षांनी बेलफास्टमधल्या डनलॉप नावाच्या जनावरांच्या डॉक्टरनं आपल्या पोराच्या तीनचाकीला हवेचे टायर बसवले. झालं. तुमच्या गोठ्यामागं जी उभी आहे ती मूळची हीच. गिअर आले, ब्रेक बदलले, लोखंडाच्या जागी अ‍ॅल्युमिनियम आणि कार्बन आला, पण सांगाडा तोच राहिला. मला या सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते हे की, सायकल खऱ्या अर्थानं सुधारली ती जास्त वेगवान झाली तेव्हा नव्हे. कुणालाही बसता येईल इतकी ती खाली आली, तेव्हा.

आणि कोण बसलं? बायका बसल्या. आडवी दांडी काढून खाली वाकवलेली लेडीज सायकल आली आणि युरोप-अमेरिकेत गहजब झाला. सायकलनं बायकांचा चेहरा बिघडतो, असं सांगणारे डॉक्टरसुद्धा निघाले. खोटं नाही सांगत, त्या कथित आजाराला 'सायकल फेस' असं नाव होतं. १८९६ मध्ये अमेरिकेतल्या सुसान अँथनी, बायकांच्या मताच्या हक्कासाठी उभं आयुष्य लढलेल्या, एका मुलाखतीत म्हणाल्या होत्या की बाईच्या मुक्तीसाठी जगात सायकलीइतकं दुसऱ्या कशानंच केलेलं नाही. त्याच सुमारास, १८९६-९७ च्या दुष्काळात, पंडिता रमाबाई मध्य प्रांतातून निराधार मुली आणि विधवा घेऊन येत होत्या आणि आपल्या दौंड तालुक्यातल्या केडगावला त्यांच्यासाठी मुक्ती सदन उभं राहत होतं. या दोन घटनांचा एकमेकींशी संबंध नाही. पण केडगावहून सायकलवर शाळेला निघालेली मुलगी दिसली की मला त्या दोन्ही आठवतात.

आपल्याकडं सायकल आली ती साहेबाची म्हणून. वकील, डॉक्टर, मामलेदार कचेरीतले कारकून. ती शेतकऱ्याच्या आणि कामगाराच्या दारात आली स्वातंत्र्यानंतर, देशात कारखाने वाढले तेव्हा. मुंबईत वरळीला हिंद सायकल्स होती. १९५१ मध्ये सोनीपतला अ‍ॅटलास निघाली, १९५६ मध्ये लुधियानात हीरो. १९८६ मध्ये हीरोचं नाव जगातली सगळ्यात मोठी सायकल कंपनी म्हणून गिनीज बुकात गेलं. त्या काळ्या, जाडजूड, बावीस-चोवीस इंची सायकलनं आपल्या दोन्ही तालुक्यांत काय काय ओढलं, ते आजोबांना विचारा. दोन बाजूंना दुधाच्या किटल्या. कॅरिअरवर घासाचा भारा. पुढं दांडीवर पोरगं, मागं बायको, तिच्या मांडीवर दुसरं. आणि ज्याच्या घरी नव्हती त्याच्यासाठी बाजारपेठेत 'भाड्याने सायकल' असायची. तासावर मिळायची. पाय टेकत नाहीत म्हणून दांडीखालून पाय घालून कैची मारत किती पिढ्या शिकल्या! गुडघे फुटले, भाडं वाढलं, घरी मार पडला, पण शिकल्या.

पुण्यात २०१७ च्या डिसेंबरात मोबाइल अ‍ॅपवर भाड्याच्या सायकली आल्या होत्या, पिवळ्या, केशरी. केवढं कौतुक झालं! दोनेक वर्षांत त्या दिसेनाशा झाल्या. आपल्या पेठेतल्या त्या सायकलवाल्याकडं ना अ‍ॅप होतं ना गुंतवणूकदार. पान्हा, पंप, पंक्चरची घमेली आणि वही. त्याचं दुकान कितीतरी वर्षं चाललं, कारण त्याला गिऱ्हाइकाचं घर माहीत होतं.

आता सध्याचं बघा. सायकलीची पुन्हा वाटणी झाली आहे. एकीकडं लाखाच्या वर किमतीची कार्बनची सायकल, हेल्मेट, चकाकते कपडे, हृदयाचे ठोके मोजणारं घड्याळ. रविवारी सकाळी सोलापूर रोडला, नगर रोडला हे गट दिसतात. त्यांच्याशी माझं भांडण नाही. उलट वेदांगी कुलकर्णीनं २०१८ मध्ये सायकलवर जगाला फेरी मारली, सुमारे २९ हजार किलोमीटर, १५९ दिवसांत, ते वाचताना माझी छाती फुगली होती. नाशिकच्या महाजन बंधूंनी २०१५ मध्ये अमेरिका आडवी पार केली, तेव्हाही. जानेवारी २०२६ मध्ये तर आपल्या जिल्ह्यातच 'पुणे ग्रँड टूर' झाली. जगभरातले सायकलपटू, ४३७ किलोमीटर, आणि त्याआधी शर्यतीच्या मार्गावरचे रस्ते कसे गुळगुळीत झाले ते सगळ्यांनी पाहिलं. छान झालं. फक्त एवढंच म्हणायचंय की, पाच दिवस येणाऱ्या सायकलसाठी जो रस्ता होऊ शकतो, तो वर्षाचे दोनशेवर दिवस शाळा-कॉलेजला जाणाऱ्या सायकलसाठी का होत नाही? दुसरीकडं आहे ती पाच-सात हजारांची साधी सायकल. ती आठवीच्या पोरीची, नाहीतर एमआयडीसीत रात्रपाळी करणाऱ्या परप्रांतीय कामगाराची. या दोन टोकांच्या मधे जी जागा रिकामी आहे ना, ती तुमची आहे.

तुमची का, तर हिशोब करा. घरापासून कॉलेज किंवा एसटीचा थांबा किंवा रेल्वे स्टेशन आठ किलोमीटर. चालत गेलात तर दीड तास. सायकलवर अर्धा तास, वारा तोंडावर असेल तर चाळीस मिनिटं. मोटरसायकलवर पंधरा मिनिटं, मान्य. पण पेट्रोल शंभराच्या वर आहे. लिटरला पन्नास धरलं तरी महिन्याला आठशेहून जास्त गेले, वर हप्ता, वर सर्व्हिसिंग. हे पैसे कुणाच्या दुधाच्या बिलातून जातात ते तुम्हाला माहीत आहे. आणि अकरावी-बारावीतल्यांनी तर आणखी एक गोष्ट नीट ऐका. तुमचं वय अठरा नाही. सोळा वर्षं झाली की पन्नास सीसीपर्यंतची गाडी चालवता येते, पण तुमच्या हातातली गाडी त्यात बसत नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर अल्पवयीन मुलानं गाडी चालवताना गुन्हा केला तर पालकाला किंवा गाडीमालकाला २५ हजार रुपये दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. त्या पोराला पंचविसाव्या वर्षापर्यंत लायसन्स नाही, ते वेगळंच. बापाची गाडी घेऊन निघताना हे कुणाच्या डोक्यात नसतं. घरात उभी असलेली सायकल मात्र ना लायसन्स मागते ना पेट्रोल. तरी ती उभीच.

मुलींचं तर आणखी वेगळं. बिहारनं २००६ मध्ये नववीतल्या मुलींना सायकलसाठी पैसे द्यायला सुरुवात केली. कार्तिक मुरलीधरन आणि निशिथ प्रकाश या अर्थशास्त्रज्ञांनी त्याचा अभ्यास केला. माध्यमिक शाळेत मुलींची नोंदणी ३२ टक्क्यांनी वाढली, मुला-मुलींमधली दरी ४० टक्क्यांनी घटली. आणि जास्त फरक कुठं पडला? जिथं शाळा तीन किलोमीटरपेक्षा लांब होती तिथं. म्हणजे अडचण मुलीच्या डोक्यात नव्हती, अंतरात होती. आपल्या वाड्या-वस्त्यांवर हेच अंतर आहे. शासनाची अहिल्याबाई होळकर योजना आहे, बारावीपर्यंत मुलींना एसटी मोफत. उत्तम योजना. पण एसटी वस्तीवर येत नाही, फाट्यावर थांबते. वस्ती ते फाटा हे तीन-चार किलोमीटर कुणाच्या योजनेत आहेत? तिथंच सायकल लागते आणि तिथंच बारावीनंतर घरातून आवाज येतो, "आता मोठी झालीस, सायकलवर कुठं हिंडतीस?" भाऊ मात्र मोठा झाला की त्याला गाडी मिळते.

पण मी घरच्यांनाही पूर्ण दोष देत नाही. कारण भीती खरी आहे. आपल्या रस्त्यांवर सायकलची जागा कुठली, सांगा बघू? डांबराच्या कडेची साइडपट्टी. आणि साइडपट्टीची अवस्था काय? डांबराचे थरावर थर चढले आणि मुरूम तसाच खाली राहिला. सहा-सहा इंचांचा खटका. मागून डंपरनं हॉर्न दिला की सायकलवाल्यानं खाली उतरायचं, आणि उतरताना पडायचं. शिरूरहून न्हावरामार्गे चौफुल्याला जाणारा रस्ता घ्या, दौंड-पाटस घ्या, कारखान्यांचा हंगाम सुरू झाला की बघा. उसाच्या दोन-दोन ट्रॉल्या, मागं लाल दिवा असला तर नशीब, अंधार लवकर पडतो आणि तुमचा शेवटचा तास साडेपाचला सुटतो. रांजणगाव, शिक्रापूर, सणसवाडीला कंपन्यांच्या पाळ्या सुटायच्या वेळी तर सायकल रस्त्यावर घालायची म्हणजे जीव मुठीत.

आणि बेट भागातल्या मित्रांना मी सायकल वापरा म्हणून उपदेश करणार नाही. २०२५ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात पिंपरखेड परिसरात बिबट्याच्या हल्ल्यांत लहान मुलांचे जीव गेले. दोन्ही बाजूंना डोक्याएवढा ऊस असलेल्या वाटेनं, दिवेलागणीला, एकट्यानं सायकल हाणत यायला कुणी कुणाला सांगू नये. तिथं दारापर्यंत गाडी आणि दिवे हीच मागणी बरोबर आहे.

बाकी ठिकाणी मात्र मागणी साइडपट्टीची आहे. तुम्हाला वाटेल, एवढीशी गोष्ट! नेदरलँड्समधले सायकलमार्ग रील्समध्ये बघून आपण म्हणतो, त्यांची संस्कृतीच वेगळी. काही वेगळी नव्हती. दुसऱ्या महायुद्धानंतर तिथंही मोटारी वाढल्या, सायकलवाल्यांना बाजूला सारलं गेलं. १९७१ या एका वर्षात त्या लहानशा देशात रस्त्यांवर सुमारे ३,३०० माणसं मेली, त्यांत चारशेवर लहान मुलं होती. मग आईबाप रस्त्यावर उतरले. चळवळीचं नावच होतं 'मुलांच्या हत्या थांबवा'. त्या दबावातून, शिवाय १९७३ च्या तेलसंकटानं पेट्रोल महागल्यावर, ते रस्ते झाले. त्याच्याही आधी अमेरिकेत १८८० मध्ये सायकलवाल्यांनी संघटना काढली आणि पक्क्या रस्त्यांची मागणी लावून धरली. मोटारगाड्या तेव्हा यायच्याच होत्या. म्हणजे ज्या गुळगुळीत रस्त्यावरून आज सायकलवाल्याला खाली ढकललं जातं, तसा रस्ता मागणाऱ्या पहिल्या लोकांत तोच होता!

त्यामुळं 'सायकल चालवा, पर्यावरण वाचवा' असले फलक घेऊन ३ जूनला, जागतिक सायकल दिनाला, फेरी काढण्यात मला फारसा रस नाही. फेरी संपली की सगळे गाडीला किक मारून घरी जातात. त्यापेक्षा कागद करा. रस्ता कुणाचा ते आधी बघा. ग्रामीण मार्ग आणि इतर जिल्हा मार्ग जिल्हा परिषदेकडं असतात, प्रमुख जिल्हा मार्ग आणि राज्यमार्ग सार्वजनिक बांधकामकडं. एका रविवारी चौघांनी मिळून वस्ती ते फाटा सायकलवर जा, साइडपट्टी कुठं खचली आहे तिथं मोबाइलवर फोटो घ्या, जवळचा किलोमीटरचा दगड फोटोत येऊ द्या. फाट्यावर एसटीच्या निवाऱ्याशेजारी सायकल कुलूप लावून ठेवायला एक लोखंडी रॉड पुरतो, तोही अर्जात लिहा. दौंडहून रोज पुण्याला लोकलनं जाणाऱ्यांनी स्टेशनबाहेर सायकल ठेवायला किती पैसे पडतात आणि ती परत जागेवर सापडते का, याची नोंद महिनाभर ठेवा. कारखान्याला वेगळं पत्र द्या, हंगामाआधी, ट्रॉल्यांच्या रिफ्लेक्टरसाठी.

२६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर, या तारखांना आपल्याकडं ग्रामसभा होते. तिच्या आधी महिलांची वेगळी सभाही घ्यायची असते. अठरा पूर्ण झालेल्या मुलींनो, तिथं जाऊन बसा, सायकलचा विषय तुम्हीच मांडा. तुमच्याइतका तो कुणालाच नीट मांडता येणार नाही. अर्ज दोन प्रतींत करा. एक ग्रामपंचायत अधिकाऱ्याकडं द्या आणि दुसरीवर पोच घ्या. तारीख, शिक्का, सही, तिन्ही बघून घ्या. शिक्का सापडत नाही म्हणाले, तर सापडेपर्यंत तिथंच बसा.